१९६९ चं म्हणून विकायला ठेवलेलं एम-६५ जॅकेट: अस्सल की नव्यानं शिवलेलं?

गोदातीर

नमस्कार मंडळी. जुन्या लष्करी कपड्यांचा नाद असलेलं कुणी इथे असेल तर मदत हवी आहे.

कॉलेज रोडच्या आसपास एका दुकानात एम-६५ (अमेरिकन लष्कराच्या थंडीच्या जॅकेटाचा एक नमुना) जॅकेट टांगलंय. "अमेरिकन फौजेचं, व्हिएतनामच्या वेळचं, १९६९ चं ओरिजनल" असं दुकानदार छातीठोकपणे सांगतो आणि १८ हजार मागतो. ओळखीचा आहे, म्हणून अनामत ठेवून घरी न्यायला दिलंय. त्यामुळे नीट उलटंपालटं करून बघता येतंय.

रंग आपण ज्याला मेंदी कलर म्हणतो तो. पुढे चार खिसे, झाकणांखाली लपलेली टिचबटणं. समोर पितळी चेन आणि तिच्यावर टिचबटणांची पट्टी. कॉलरच्या मागे आडवी चेन आहे, ती उघडली की आतून पातळ टोपी निघते. मनगटाला आणि गळ्याला वेल्क्रो. खांद्यावर पट्ट्या आहेत. कमरेला आतून आवळायची दोरी. आत गळ्याशी छापील लेबल, बरंच पुसट.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. हे खरोखर १९६९ चं आहे का, ही पहिली. नसेल तर नक्कल म्हणून ते कितपत प्रामाणिक आहे, ही दुसरी आणि माझ्यासाठी जास्त महत्त्वाची. जॅकेट मी घालणार आहे. थंडीत निफाडचा पारा उतरला की भल्या पहाटे बागेत जावं लागतं, द्राक्षाचं काम कुणासाठी थांबत नाही. नवं शिवलेलं असेल तरी चालेल. पण नव्याला जुन्याचा भाव मोजणं मला पटत नाही, आणि काय अंगात घालतोय ते ठाऊक असायला हवं.

रानवाट

फोटो टाका. लेबल, चेनचा खटका जवळून, बाहीची आतली बाजू आणि बगलेतली शिवण. आख्ख्या जॅकेटचा फोटो बघून कुणालाच काही सांगता येत नाही.

दुहेरी_टीप

गोदातीर, लेबलापासून सुरुवात करा, पण लेबलावर थांबू नका. मी या जॅकेटांच्या मागे बरीच वर्षं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अमेरिकन सरकारी कपड्याच्या लेबलावर कंत्राटाचा क्रमांक असतो. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याचा घाट "डीएसए १००-६९-सी-" आणि पुढे काही आकडे, असा असायचा. डीएसए म्हणजे डिफेन्स सप्लाय एजन्सी, स्थापना १९६१ ची. मधले दोन आकडे आर्थिक वर्षाचे. त्या काळात अमेरिकेचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू व्हायचं, ते १ ऑक्टोबरवर गेलं १९७६ मध्ये. म्हणून ६९ चा अर्थ जुलै १९६८ ते जून १९६९. तेही कंत्राटाचं वर्ष, शिलाईचं नव्हे. माल शिवून होईपर्यंत पुढचं वर्ष उजाडलेलं असू शकतं.

१ जानेवारी १९७७ पासून त्या संस्थेचं नाव डिफेन्स लॉजिस्टिक्स एजन्सी झालं आणि लेबलावर डीएलए यायला लागलं. सायगाव पडून व्हिएतनामचं युद्ध संपलं ३० एप्रिल १९७५ ला. म्हणजे डीएलए लिहिलेलं जॅकेट अस्सल सरकारी असू शकतं, व्हिएतनामच्या वेळचं मात्र नाही. हा फरक न सांगता विकणारे पुष्कळ आहेत.

आता सगळ्यात उपयोगाची गोष्ट. कंत्राटाखाली मालाचा साठा क्रमांक असतो, सुरुवात ८४१५ ने. हा कपड्यांचा वर्ग. १९७४ पर्यंत हा क्रमांक ११ अंकी होता. मग पद्धत बदलली आणि ८४१५ च्या पुढे देशाचे दोन अंक घातले गेले, अमेरिकेसाठी ०० किंवा ०१. एकूण १३ अंक झाले. १९६९ च्या कंत्राटाखाली १३ अंकी क्रमांक दिसला, तर ते लेबल पुढे कधीतरी कुणीतरी बसून रचलेलं आहे. यात दुमत होण्याचं कारणच नाही. अंक मोजा आणि सांगा.

आणखी एक. सरकारी लेबलावर या कपड्याला "कोट" म्हटलेलं असतं. ठळक अक्षरात "फील्ड जॅकेट" असेल तर माल बाजारासाठी केलेला.

चेनबद्दल: पितळी म्हणताय तिथेच मला शंका आली. एम-६५ ला सुरुवातीच्या वर्षांत ॲल्युमिनियमची चेन होती, पितळी नंतर आली, १९७० च्या दशकात. खटक्यावर नाव वाचा. स्कोव्हिल, टॅलन, कॉनमार ही त्या काळची नावं. खांद्यावरच्या पट्ट्या अगदी पहिल्या, १९६५-६६ च्या जॅकेटांना नव्हत्या, त्यामुळे तुमच्याकडे त्या असणं १९६९ शी जुळतं.

थोडक्यात, जॅकेटवर साक्षीदार बरेच असतात: लेबल, चेन, कापड, दोरा, शिवण. सगळ्यांनी एकच साल सांगितलं पाहिजे. एकट्या लेबलाच्या साक्षीवर १८ हजार देऊ नका.

सातपूरकर

मी एमआयडीसीत धातूच्या कामात आहे, कपड्यातलं कळत नाही. चेनपुरतं सांगतो. लोक लोहचुंबक लावून बघा म्हणतात, पण चुंबक पितळालाही धरत नाही आणि ॲल्युमिनियमलाही नाही. त्यामुळे पितळ की ॲल्युमिनियम हे त्यानं ठरणार नाही. दात चुंबकाला चिकटले तर मात्र आत लोखंड आहे, वरून मुलामा. तशी चेन दोन पावसाळ्यांत गंजते आणि कापडावर तांबूस डाग पाडते.

पितळ बघायचं असेल तर आतल्या बाजूच्या एका दाताला सुईच्या टोकानं बारीक ओरखडा काढा. खाली पिवळंच निघालं तर पितळ.

बाकी माझं मत वेगळं आहे. जॅकेट उबदार आहे, शिवण मजबूत आहे, मग साल कुठलं का असेना. इतकी उठाठेव कशाला?

गोदातीर

सातपूरकर, चुंबकाचं आवडलं, आजच बघतो. उठाठेव अशासाठी की दुकानदार १८ हजार उबेचे मागत नाहीये, सालाचे मागतोय. उबेचं जॅकेट मेन रोडला दीड-दोन हजारात मिळतं.

सुईदोरा

माझं नाशिकरोडला शिवणकाम आहे. शाळेचे गणवेश, रेनकोट, कधी कधी कॅम्पातल्या मंडळींचे कपडे लहानमोठे करून देते. जुन्या अमेरिकन कपड्यांचा अभ्यास नाही, पण शिवण खोटं बोलत नाही, एवढं मी सांगू शकते.

दादा, जॅकेट उलटं करा आणि बगलेत बघा. तिथे बाही, पुढचा भाग आणि पाठ एकत्र येतात. चांगल्या सरकारी कामात कापडाच्या कडा एकमेकीत दुमडून वरून दोन समांतर टिपा मारलेल्या असतात, कच्ची कड कुठेच दिसत नाही. स्वस्त मालात तिथे ओव्हरलॉक मारून मोकळं होतात.

मग दोरा. शिवणीच्या आतल्या शिल्लक कडेतून अर्धा इंच दोरा आणि कापडाचे दोन-चार धागे काढा. चिमट्यात धरून मेणबत्तीवर न्या, खाली ताटली ठेवा. सुती दोरा कागदासारखा जळतो आणि बोटांत चुरली जाणारी राख पडते. पॉलिएस्टर वितळून काळा टणक मणी होतो. नायलॉनही आकसून मणी करतो. कापडात सूत आणि नायलॉन दोन्ही असेल तर राखही पडेल आणि तिच्यात खडाही लागेल.

जांभळ्या दिव्याखाली, नोटा तपासायच्या दिव्याखाली, धरून बघायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. चमकलं म्हणजे नवं, असं म्हणतात. पण आपल्या घरोघरीच्या वॉशिंग पावडरीत चमक आणणारं द्रव्य असतं. पन्नास वर्षांचं कापड एकदा त्या पावडरीत धुतलं की तेही चमकतं. दोरा चमकतो आणि शेजारचं कापड चमकत नाही, असा फरक दिसला तरच त्याला काही अर्थ.

चेन बदललेली असू शकते, हेही लक्षात घ्या. चेन गेली म्हणून आमच्याकडे रोज कुणी ना कुणी येतं. बदललेली असेल तर चेनच्या पट्टीलगत कापडावर जुन्या टिपेची भोकं दिसतात, नव्या टिपेपासून किंचित सरकलेली. भिंगातून बघा. भोकांची एकच ओळ असेल तर चेन पहिल्यापासूनची.

दुहेरी_टीप

ताई, चेन आणि भोकांचा मुद्दा लाखमोलाचा. कापडाबद्दल पुस्ती: एम-६५ चं बाहेरचं कापड म्हणजे सूत आणि नायलॉन मिसळून विणलेलं, वारा अडवणारं सॅटीन. पॉलिएस्टर निघालं तर विषय संपला.

देवळाली_कॅम्प

तोफखान्यातून निवृत्त. आयुष्यातली बरीच वर्षं देवळालीत गेली, आता इथेच स्थायिक आहे.

जॅकेटवर बिल्ले, नावपट्ट्या आहेत का, हे गोदातीर यांनी लिहिलेलं नाही. असतील तर तेही तपासा. अमेरिकन लष्करात डाव्या दंडावर सध्याच्या तुकडीचं चिन्ह असतं, उजव्या दंडावर ज्या तुकडीबरोबर माणूस युद्धात होता तिचं. विक्रेते जिथे जागा दिसेल तिथे बिल्ले शिवतात. शिवाय १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून रंगीत चिन्हं जाऊन काळ्या-हिरव्या दबक्या रंगाची आली. हिरव्या जॅकेटवर लाल-पिवळे झगझगीत बिल्ले आणि "१९६९, रणांगणातलं" असा दावा, हे दोन्ही एकत्र दिसलं तर जरा थांबून विचार करा.

जुना बिल्ला काढून घेतलेला असेल तर त्या जागी कापड गडद राहतं, कारण तिथे ऊन लागलेलं नसतं. नव्या कापडावर शिवलेला बिल्ला उसवला तर खाली-वर रंग सारखाच.

आता एक गोष्ट, जी मला मनापासून सांगायची आहे. बाजारात हल्ली आपल्या रेजिमेंटांचे बिल्ले, पॅराची चिन्हं, मेडलच्या फिती सुट्या मिळतात आणि हौशी मुलं त्या अशा जॅकेटांवर शिवतात. कृपा करून करू नका. सैनिक असल्याचा समज करून देण्याच्या हेतूनं सैनिकाचा पोशाख किंवा चिन्ह वापरणं हा गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेत कलम १४० होतं, आता भारतीय न्याय संहितेत कलम १६८ आहे. जुन्या अमेरिकन घाटाचं साधं हिरवं जॅकेट घालून शेतात गेलात तर कुणी काही म्हणणार नाही. पण मेडलची फीत ज्यानं कमावली त्याच्याच छातीवर शोभते. मी अशा फिती लावलेली माणसं खांद्यावरून नेलेली आहेत.

रानवाट

सर, नमस्कार. हे इथे लिहिलंत, फार बरं केलंत.

गोदातीर

सर, बिल्ले नाहीत आणि शिवणारही नाही.

आता निकाल. भिंग, सुई आणि मेणबत्ती घेऊन बसलो होतो, फोटो खाली जोडतोय.

लेबल: तिरपा उजेड पाडला तेव्हा वाचता आलं. कंत्राट "डीएसए १००-६९-सी-". त्याच्या खाली ८४१५-००-, पुढे सात अंक. मोजले. तेरा. लेबलावर "कोट" आहे, "जॅकेट" नाही.

चेन: ओरखड्याखाली पिवळं. दातांना चुंबक धरत नाही. खटक्यावर वायकेके, म्हणजे जपानी चेन कंपनीचं नाव. टिपेच्या भोकांची ओळ एकच.

शिवण: बगलेत कडा दुमडलेल्या, दोन टिपा, ओव्हरलॉक कुठेही नाही. पाठीवर दोन्ही खांद्यांमागे हात पुढे नेण्यासाठी घड्या आहेत. बाहीच्या टोकाला आत दुमडलेलं तिकोनी कापड निघालं, उलगडलं की पंजा झाकला जातो. हे मला आधी दिसलंच नव्हतं.

जळण: बाहेरच्या कापडाची राखही पडली आणि तिच्यात बारीक खडाही लागला. दोऱ्याचा नुसता मणी.

आणि एक गोष्ट, जिचा अर्थ मला लागत नाही. डाव्या बाजूच्या शिवणीत, आतून, खिशाच्या खाली, एक पांढरा गुळगुळीत फितीचा तुकडा अडकलाय. जेमतेम दोन मिलिमीटर बाहेर डोकावतो. कड सरळ, कात्रीनं कापल्यासारखी. भिंगातून बघितलं तर कापलेल्या कडेवर काळ्या छपाईचा एक ठिपका आहे.

सुईदोरा

दादा, ते धुलाईचं लेबल. रेडिमेड कपड्यात डाव्या बाजूच्या शिवणीत साटीनच्या फितीचं शिवतात. कापड कुठलं, कसं धुवायचं, कुठल्या देशात केलं, कंपनीचं नाव, सगळं त्यावर असतं. उसवून काढलं असतं तर शिवण सैल पडली असती, म्हणून कात्रीनं कापलंय. शिवणीत दबलेला भाग राहून गेला.

दुहेरी_टीप

उत्तर मिळालं. हे १९६९ चं नाही. तेरा अंक एवढंच पुरेसं होतं. त्यावर पितळी वायकेके चेन, तीही पहिल्यापासूनची. वायकेकेनं अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या मेकनला कारखाना काढला १९७४ मध्ये. त्यात बाजूच्या शिवणीतलं साटीनचं लेबल कापलेलं. एकूण एक पुरावा एकाच दिशेला जातोय.

पण गोदातीर, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर चांगलं आहे. ज्यानं हे शिवलं त्यानं अस्सल जॅकेट समोर ठेवून, उसवून पाहून शिवलंय. बाहीचं तिकोन अनेक स्वस्त नकलांमध्ये नसतंच, कारण ते बाहेरून दिसत नाही आणि शिवायला वेळ खातं. पाठीच्या घड्या खऱ्या आहेत, नुसती टीप मारून दाखवलेल्या नाहीत. कापड सूत-नायलॉनचं. दुमडलेल्या शिवणी. कमरेची दोरी. चेन पितळी असणं ही १९६९ साठी चूक आहे, १९७० च्या दशकातल्या जॅकेटसाठी नाही. म्हणजे करणाऱ्यानं बहुधा नंतरचा नमुना घेतला आणि लेबलावर जास्त भाव देणारं साल छापलं.

जपानमध्ये गेली तीसेक वर्षं नकलेचं हे काम अत्यंत निष्ठेनं चालतं. तिथल्या नावाजलेल्या कंपन्या सूत कसं कातलं, विण किती घट्ट, चेनचा खटका कुठल्या घाटाचा इथपर्यंत जातात, आणि त्यांची नवी एम-६५ अस्सल जुन्या एम-६५ पेक्षा महाग पडू शकते. लोक समजून उमजून घेतात, कारण कंपनी स्वतःचं नाव लावते. अस्सल एम-६५ अमेरिकेत प्रचंड संख्येनं शिवली गेली, ती काही दुर्मीळ वस्तू नाही. आपल्याकडे ती सहज हाताला लागत नाही, म्हणून इथे "व्हिएतनाम" हा शब्द उच्चारला की भाव चढतो.

सातपूरकर

म्हणजे माल चांगला आहे. मग मी म्हणत होतो तेच झालं ना?

दुहेरी_टीप

नाही दादा. माल चांगला आहे म्हणूनच त्या कात्रीचा मला राग येतो. कुणीतरी कारागिरानं, कुठल्या तरी कारखान्यात, बाहीच्या आत कुणाला न दिसणारं तिकोन नीट शिवलं. त्याच्या कामाची एकमेव ओळख त्या साटीनच्या फितीवर होती. ती कापून टाकली, म्हणजे गिऱ्हाइकाला फसवलं आणि ज्यानं शिवलं त्याचं नावही पुसलं. एमआयडीसीत तुमच्या कारखान्यातून निघालेल्या पार्टवरचा शिक्का कुणी घासून दुसऱ्याचा मारला, तर पार्ट मजबूत आहे म्हणून तुम्ही गप्प बसाल का?

सातपूरकर

नाही बसणार. मुद्दा कळला. आमच्याकडे असा माल परत आला तर पार भांडणं होतात.

भद्रकाली

दुकानदारानंच फीत कापली असेल असं नाही हं. असे कपडे अनेक हातांतून येतात. वापरलेले कपडे कांडल्याला गाठींनी उतरतात, तिथे वर्गवारी होते. पानिपतला तर जुन्या कपड्यांची अख्खी बाजारपेठ आहे. मधल्या कुठल्याही माणसानं कापली असेल. दुकानदाराला विचारा, पण आरोप करून नका विचारू.

गोदातीर

तसंच केलं. दुकानात जाऊन त्याला अंक मोजून दाखवले, तो तुकडा भिंगातून दाखवला. तो खरंच चकित झाला. त्यानं मुंबईहून एका व्यापाऱ्याकडून "ओरिजनल" म्हणूनच घेतलं होतं आणि बऱ्यापैकी पैसे मोजले होते. आम्ही ५,५०० वर आलो. बिलावर "एम-६५ पद्धतीचं जॅकेट, रिप्रॉडक्शन, उत्पादक अज्ञात" असं मी लिहून मागितलं आणि त्यानं विनातक्रार लिहून दिलं. पुढचं जॅकेट आणण्याआधी अंक मोजीन म्हणाला.

आता दोन प्रश्न. ते खोटं लेबल ठेवू की काढू? आणि आत अस्तर लावायला बटणं आहेत, पण अस्तर मिळालेलं नाही. नाशिकमध्ये कुणी शिवून देईल का?

देवळाली_कॅम्प

लेबल काढा. आज तुम्हाला खरं ठाऊक आहे. उद्या जॅकेट कुणाला दिलंत तर त्याला ठाऊक नसेल.

दुहेरी_टीप

मी सरांशी सहमत, पण फेकू नका. उसवून बिलाबरोबर पाकिटात ठेवा. असं लेबल दुसऱ्या जॅकेटवर दिसलं तर ताडून बघायला उपयोगी पडतं. जमल्यास जवळून फोटो इथे टाका, छपाईच्या अक्षरांची ठेवण दिसली पाहिजे.

सुईदोरा

अस्तर मी करून देईन. मूळ अस्तर नायलॉनचं, मध्ये पातळ भरण आणि वरून नागमोडी टिपा, असं असतं ना? तसं भरणाचं तयार कापड मिळतं. तुमच्या जॅकेटातल्या बटणांमधलं अंतर मोजून पाठवा, गळ्यापासून खाली एकेक करून, दोन्ही बाजूंचं वेगवेगळं. काजं त्या मापानंच पाडावी लागतात, नाहीतर अस्तर ओढलं जातं आणि चेन लागत नाही. बाह्यांत बटणं किंवा लूप असतील तर तेही सांगा. लेबल येतानाच घेऊन या, मी उसवून देते. टीप एकेक करून कापली तर कापडावर भोकं सोडून काही राहणार नाही.

आणि न धुता माप घेऊ नका. धुतल्यावर सूत थोडं आटतं, मग माप चुकेल. आधी एकदा थंड पाण्यात साध्या साबणानं धुऊन सावलीत पूर्ण वाळवा, मगच बटणांचं अंतर मोजा.

गोदातीर

ताई, रविवारी धुतो. माप सोमवारी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.